फॉरमॅट न मारणारं दुकान

शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, लाकडी जिना चढून गेलं की डाव्या हाताला दहा बाय दहाची एक खोली आहे. दारावर पाटी नाही. आत तीन टेबलं, भिंतीला टेकवून ठेवलेली उघडी कॅबिनेटं आणि खिडकीपाशी एक मोठा यूपीएस. माझा कॉम्प्युटर या खोलीत नऊ दिवस होता आणि सगळ्या फायली, सगळे फॉन्ट, सगळी सॉफ्टवेअर जशीच्या तशी घेऊन घरी परत आला. नाव-पत्ता देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. ते एकटे काम करतात आणि हातात आहे तेवढंच काम नीट व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. पण त्यांनी काय केलं आणि कोणत्या क्रमाने केलं ते मी सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही तुमच्या गावातल्या दुकानात गेलात तर काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी १९९६ पासून डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचं काम, करते. सुरुवात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात झाली, आता पंधरा वर्षं धायरीत घरूनच काम चालतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध, दोन दिवाळी अंक. ही सगळी कामं ज्या फॉन्टांत होतात ते युनिकोडच्या आधीच्या काळातले. म्हणजे मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो. फॉन्ट मशीनवर असेल तोवर पानावर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की तेच पान इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन बसतं. माझी निम्मी जुनी कामं पेजमेकर ७.० मध्ये आहेत. ते पानं लावायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर, पण त्यातल्या फायली आजही लोक मागतात. आजोबांच्या पंच्याहत्तरीची स्मरणिका असते, आता सहस्रचंद्रदर्शनाला त्यातलीच चार पानं हवी असतात. म्हणून माझ्यासारखीला कोणी 'फॉरमॅट मारून देतो', म्हणजे डिस्क पुसून कोरं विंडोज टाकून देतो, म्हणालं की छातीत धस्स होतं. फायलींचा बॅकअप असतो हो. पण ज्या अवस्थेत मशीन रोज काम करतं, ती अवस्था कुठल्याही पेनड्राइव्हवर मावत नाही. फॉन्टांचा क्रम, कीबोर्डची मांडणी, सॉफ्टवेअरच्या यूएसबी लॉकची नोंदणी, प्रिंटरची मापं हे सगळं वीस वर्षांत एकेक करून बसवलेलं असतं.

मशीन २०१९ साली असेंबल करून घेतलेलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४८० जीबीची एसएसडी डिस्क. ज्यांनी जोडून दिलं त्यांनी विंडोज १० टाकून दिलं होतं आणि सहा वर्षं त्याने एकदाही दगा दिला नाही. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे मला ठाऊक होतं, पण दिवाळी अंकांच्या धामधुमीत मशीनला हात लावायचा नाही हा माझा जुना नियम आहे. अंक गेले, दिवाळी झाली, आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आत जे आठ-दहा दिवस मिळतात त्यात विंडोज ११ वर जायचं असं ठरवलं.

तपासणीच्या प्रोग्रॅमने सांगितलं, हे मशीन चालणार नाही. कारणं दोन: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) सापडत नाही आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. माझा प्रोसेसर मात्र मान्य यादीत होता. भाऊबीजेला भाऊ आला, बरोबर भाचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "आत्या, हे दोन्ही बायोसमध्ये बंद असतात, मी चालू करून देतो." बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारं, मदरबोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. त्याने एएमडीचं एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधलंच टीपीएम, चालू केलं, ते बरोबरच होतं. मग सिक्युअर बूट चालू होईना म्हणून सीएसएम नावाचा पर्याय बंद केला. सेव्ह करून बाहेर पडलो आणि मशीन विंडोजमध्ये जाईचना. चालू केलं की थेट बायोसच उघडायचं. पोराचा चेहरा उतरला. त्याला मी एक शब्द बोलले नाही, त्याने मनापासून मदत केली होती.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका मोठ्या दुकानात मशीन नेलं. काचेचं काउंटर, टोकन नंबर, सगळं व्यवस्थित. तिथल्या मुलाने मशीन लावलं, दोनदा चालू-बंद केलं आणि म्हणाला, एसएसडी उडाली. डेटा काढून बघायचा प्रयत्न करायचा तर आठ हजार वेगळे, मिळेलच याची खात्री नाही. आणि हे मशीन जुनं झालंय, बेचाळीस हजारांत नवीन जोडून देतो. पाच मिनिटांत हा निकाल. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. आदल्या दिवशी कोणी काय केलं, शेवटचं चालू केव्हा होतं, काहीच नाही. मला अजूनही त्या पाच मिनिटांचा राग येतो. पैशाचा मुद्दा नंतरचा. माझ्या एकोणतीस वर्षांच्या कामाला त्याने डोळे वर न करता 'गेलं' म्हणून टाकलं.

ज्या प्रेसला मी फायली पाठवते तिथे सीटीपी यंत्रावर छपाईच्या प्लेटा काढणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना फोन केला, पत्रिकांना उशीर होईल हे सांगायला. ते म्हणाले, "ताई, घाई करू नका. शुक्रवारात एक जण आहेत, आधी त्यांना दाखवा." कॅबिनेट चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मी गेले.

दुकानाबद्दल मला पहिली गोष्ट आवडली ती ही की मशीनला वायर जोडायच्या आधी त्यांनी मला खुर्ची दिली आणि पंधरा मिनिटं नुसतं विचारलं. शेवटचं नीट चालू केव्हा होतं? त्यानंतर कोणी कुठे हात लावला? बायोसमधले नेमके कोणते पर्याय बदलले? पडद्यावर काय लिहून आलं, की काहीच आलं नाही? विंडोज कोणी टाकलं होतं? भाच्याला फोन लावून दिला, त्याच्याशीही ते बोलले, आणि त्याला म्हणाले, "तू काही बिघडवलेलं नाहीस, बरं का." मग मशीन लावलं, बायोस उघडलं आणि मला पडद्याजवळ बोलावलं. तिथे एसएसडीचं नाव आणि क्षमता स्पष्ट लिहिलेली होती. "काकू, डिस्क बोलतीये. मेलेली डिस्क बहुतेक वेळा इथे नावसुद्धा सांगत नाही." त्यांनी सीएसएम पुन्हा चालू केलं, सेव्ह केलं, आणि वीस सेकंदांत माझ्या नातीचा फोटो असलेला विंडोज १० चा पडदा समोर आला. मला हुंदका आवरला नाही. ते उठून खिडकीपाशी गेले आणि उगाच यूपीएसची वायर नीट करत बसले. हे मी विसरणार नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते, कारण जोडून घेतलेल्या जुन्या मशीनवर ही अडचण अनेकांना येत असणार. डिस्कवर कोणतं पार्टिशन, म्हणजे कोणता कप्पा, कुठे आहे याची एक नोंद असते. ती ठेवायच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर, १९८३ पासूनची, आणि नवी जीपीटी. मदरबोर्डचीही मशीन सुरू करायची जुनी आणि नवी अशी पद्धत असते. सीएसएम म्हणजे नव्या बोर्डाने जुन्या पद्धतीचं सोंग घ्यायची सोय. माझ्या मशीनमध्ये बोर्ड नवीन होता, पण जोडून देणाऱ्यांनी विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआरवर टाकलं होतं. सहा वर्षं ते सीएसएमच्या आधाराने चालत होतं. आधार काढला की बोर्डाला डिस्क दिसते पण तिच्यावरून सुरू कसं व्हायचं ते कळत नाही. सिक्युअर बूटला तर सीएसएम बंदच लागतं. म्हणजे भाच्याने उचललेलं पाऊल योग्य होतं, फक्त त्याआधी डिस्क जीपीटी करायला हवी होती.

हे सगळं पहिल्या तासात झालं. इथे एखाद्याने लगेच पुढचं काम सुरू केलं असतं. यांनी सांगितलं, आज काहीच करायचं नाही, आज फक्त बॅकअप. आधी डिस्कची तब्येत तपासली, ९१ टक्के निघाली. मग पूर्ण एसएसडीची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली. नुसत्या फायली नाहीत, पार्टिशनसकट सगळं, म्हणजे काही फिसकटलं तर मशीन आज आहे तसं परत करता येईल. रात्रभर ते चाललं. सकाळी त्यांनी त्या प्रतिमेतून माझी एक पत्रिकेची फाईल उघडून तिचा फोटो मला पाठवला. बॅकअप घेतला असं सांगणारे पुष्कळ भेटलेत, घेतलेला बॅकअप उघडून दाखवणारा मी पहिल्यांदा पाहिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली. घाई नसेल तर विंडोज १० वरच राहा, घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडला तर पैसेही पडत नाहीत, नाहीतर तीस डॉलर किंवा मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्डचे हजार पॉइंट. म्हणजे काम न करता मला परत पाठवायचा रस्ता त्यांनी स्वतःच दाखवला. मी विचार केला. पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न, पुन्हा दिवाळी आणि पत्रिकांच्या मधली तीच फट. मी म्हटलं, आत्ताच करू.

विंडोज १० मध्येच २०१७ पासून एक छोटं साधन आहे, एमबीआरटूजीपीटी. नावातच काम आहे. डेटा न पुसता ते डिस्क जीपीटी करतं. आधी नुसती तपासणी करायला सांगता येते, बदल काही होत नाही. यांनी तपासणी चालवली आणि ती नापास झाली. कारण माझ्या डिस्कवर चार मुख्य पार्टिशनं होती: सुरू व्हायचं छोटं, सी, डी आणि बिघाडातून सावरायला ठेवलेलं रिकव्हरीचं. एमबीआरवर मुख्य पार्टिशनं जास्तीत जास्त चारच मावतात, आणि या साधनाला तीनच्या वर चालत नाहीत. मग त्यांनी रिकव्हरी बंद करून ते पार्टिशन काढलं, पुन्हा तपासणी, पास. प्रत्यक्ष रूपांतराला दोन-तीन मिनिटं लागली. सीएसएम बंद केलं. मशीन सरळ विंडोज १० मध्ये गेलं, आणि माहितीच्या खिडकीत जिथे 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, लिहिलेलं असायचं तिथे आता 'यूईएफआय', म्हणजे नवी पद्धत, आलं होतं. हा फोटोही त्यांनी पाठवला. माझ्या फोनमध्ये या नऊ दिवसांचे सव्वीस फोटो आहेत.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. रिकव्हरीचं पार्टिशन काढण्याआधी त्यांनी मला विचारायला हवं होतं. प्रतिमा घेतलेली होती, काही गमावलं नसतं, आणि शेवटी विंडोज ११ बसल्यावर रिकव्हरी त्यांनी पुन्हा चालूही करून दिली. पण मशीन माझं आहे. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. "बरोबर आहे काकू, आधी फोन करायला हवा होता," एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर प्रत्येक पावलाआधी फोन आला.

त्यातला एक फोन बायोसच्या अपडेटचा. माझ्या बोर्डाचं बायोस २०१९ चं होतं. एफटीपीएम चालू असताना काही रायझन मशीनं मधूनच क्षणभर अडखळतात, हे एएमडीनेच २०२२ च्या मार्चमध्ये मान्य केलेलं आहे, आणि त्यावरचा इलाज नव्या बायोसमध्ये आहे. म्हणून आधी ते अपडेट करू म्हणाले. पण उद्या गुरुवार आहे, म्हणाले, शुक्रवारी करतो. पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. यूपीएस असूनही ते थांबले. एक दिवस वाया गेला असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही.

शनिवारी दुपारी विंडोज ११ चं सेटअप सुरू केलं, फायली आणि प्रोग्रॅम दोन्ही ठेवायचा पर्याय निवडून. संध्याकाळी साडेसहाला फोन आला. "काकू, एकदा फसलं. पण आधीचं जसंच्या तसं परत आलंय, घाबरू नका." मशीनने बराच वेळ काम केलं, पुन्हा सुरू झालं, आणि मग केलेले बदल मागे घेत असल्याचं सांगून विंडोज १० वर परतलं. खाली एक आकडा: ०एक्ससी१९००१०१, आणि पुढे ०एक्स३००१८.

अशा वेळी फॉरमॅट मारणं सोपं असतं हे मला कळतं. दोन तासांत नवंकोरं विंडोज, गिऱ्हाईक खूश, दुकान मोकळं. यांनी तो आकडा वाचला. पहिला भाग बहुतेक वेळा कुठल्यातरी ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, बोट दाखवतो. दुसरा भाग कुठल्या टप्प्यावर फसलं ते सांगतो, माझ्या बाबतीत नवं विंडोज पहिल्यांदा सुरू होत असताना. सेटअप स्वतःची रोजनिशी लिहीत असतं, 'पँथर' नावाच्या फोल्डरमध्ये. मायक्रोसॉफ्टचंच सेटअपडायग नावाचं एक फुकट साधन आहे, ते ही रोजनिशी वाचून कारण शोधतं. रविवारी सकाळी मी मुद्दाम गेले, कारण मला ते बघायचं होतं. हजारो ओळी. ते शेवटाकडून वर वाचत गेले, एका ओळीवर थांबले आणि मला विचारलं, "काकू, हा कसला लॉक आहे? अजून वापरता?"

तो ड्रायव्हर एका यूएसबी लॉकचा होता. आमच्या धंद्यात महागडी सॉफ्टवेअर अशा लॉकवर चालायची. लॉक मशीनला लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही. हा लॉक ज्या सॉफ्टवेअरचा होता ते मी २०१४ नंतर उघडलेलं नाही. लॉक घरी देवघराच्या खालच्या खणात, मोत्यांच्या डबीत ठेवलेला आहे, कारण तेव्हा तो अकरा हजारांना घेतला होता. २०१९ मध्ये नवं मशीन जोडलं तेव्हा, कधीतरी लागेल म्हणून मीच त्याचा जुना ड्रायव्हर टाकायला सांगितला होता. लॉक खणात होता, पण ड्रायव्हर सहा वर्षं रोज सकाळी मशीनबरोबर उठत होता. विंडोज १० त्याला सांभाळून घेत होतं. विंडोज ११ सुरू होताना तो उत्तर देईनासा झाला आणि सगळं सेटअप त्याच्यापाशी अडून बसलं.

त्यांनी तो ड्रायव्हर काढला, माझ्या परवानगीने. आता जो लॉक वापरते तोही काढून बाजूला ठेवला. प्रिंटर, पेन टॅब्लेट, सगळं काढलं. फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर. सोमवारी दुसऱ्यांदा सेटअप चालवलं. दीड तासात विंडोज ११ उघडलं. सिक्युअर बूट चालू, टीपीएम चालू, पेजमेकर जागेवर, फॉन्ट जागेवर.

त्यांनी मशीन लगेच माझ्या ताब्यात दिलं नाही. म्हणाले, "मला मराठी टायपिंग येत नाही, तुम्ही बसून तपासा, मी चहा सांगतो." माझ्याकडे एक पान आहे, छापखान्यातल्या दिवसांपासूनचं, ज्यात अवघड जोडाक्षरं ओळीने लिहिलेली आहेत: क्ष, ज्ञ, द्ध, ह्य, ट्र, ऱ्या, ष्ट्य. नवा फॉन्ट किंवा नवा प्रिंटर आला की मी ते पान काढून बघते. सव्वीस फॉन्टांत ते पान उघडून पाहिलं. पडद्यावर सगळं बरोबर. मग टाइप करायला गेले आणि काही चिन्हं उमटेनात. या जुन्या फॉन्टांत कमी वापरातली अक्षरं ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांनी काढावी लागतात, आणि ती निघत नव्हती. माझे हात गार पडले. त्यांनी दोन मिनिटं कीबोर्डकडे पाहिलं आणि बोट ठेवलं. नमलॉकचा दिवा बंद होता. बायोस अपडेट झाल्यावर त्याच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या, त्यात मशीन सुरू होताना नमलॉक चालू ठेवायचं सेटिंगही गेलं होतं. ते बदललं, झालं.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी त्यांना ठाऊक नव्हती. विंडोज कोरं टाकलं आणि मराठी किंवा हिंदी भाषा जोडली नाही, तर मंगल हा फॉन्ट त्यात येत नाही. विंडोज १० पासून तो देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांत गेलाय, 'ऑप्शनल फीचर्स'मधून घ्यावा लागतो. मंगलमध्ये केलेले अर्ज आणि प्रबंध मग दुसऱ्याच फॉन्टात उघडतात, ओळी पुढेमागे होतात, पानांचे आकडे चुकतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं फाईल बिघडली. त्यांनी ते लगेच आपल्या वहीत लिहून घेतलं. त्यांच्याकडे एक जाड शंभरपानी वही आहे, प्रत्येक मशीनला एक पान. काय लक्षण, काय पाहिलं, काय निघालं. माझ्या पानावर वर 'धायरी, डीटीपी काकू' असं लिहिलेलं आहे.

बिल झालं चोवीसशे रुपये, हाताने लिहिलेलं. बॅकअपचे सहाशे, बायोसचे तीनशे, बाकी कामाचे पंधराशे. सेटअप दुसऱ्यांदा चालवलं त्याचे पैसे लावले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पहिल्यांदा ड्रायव्हरांची यादी मीच आधी तपासायला हवी होती. खरं आहे ते, आणि त्यांनी ते आपणहून म्हटलं.

आता अडचणी. जिना उभा आणि अंधारा आहे. गुडघे दुखणाऱ्याने कॅबिनेट घेऊन चढू नये, खालून हाक मारली तर ते स्वतः उतरून घेऊन जातात. दुचाकी लावायलासुद्धा जागा नाही. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. आणि नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. माझ्या दोन पत्रिका त्या काळात दुसऱ्या बाईंकडे गेल्या, त्यातलं एक घर माझं तीन लग्नांपासूनचं होतं. ते मला लागलं. ज्यांना संध्याकाळी मशीन हवं असतं त्यांनी इथे जाऊ नये. ज्यांच्या मशीनवर फक्त सिनेमे आणि फोटो आहेत, त्यांना एवढ्या सोपस्काराची गरजही नसेल, बॅकअप घेऊन कोरं विंडोज टाकलं तरी चालेल. पण लेखापालाचं जुनं सॉफ्टवेअर, दवाखान्यातली नोंदणी, लॉकवर चालणारं काहीही, जुने मराठी फॉन्ट, असं काही असेल तर हे नऊ दिवस द्या.

घरी आणल्यावर दहा दिवस 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर पुसायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. त्या दहा दिवसांत जुन्या विंडोजवर परत जाता येतं, नंतर तो रस्ता बंद होतो. मी रोज एकेक जुनी फाईल उघडून पाहिली. आठव्या दिवशी बारकोडच्या प्रिंटरचं माप चुकत असल्याचं दिसलं, फोनवरूनच त्यांनी सांगितलं आणि दुरुस्त झालं. पैसे घेतले नाहीत.

जाणार असाल तर बरोबर एवढं न्या. वापरात असलेले आणि नसलेले सगळे लॉक, मशीन जोडलं तेव्हाचं बिल सापडलं तर तेही, मशीनमधल्या डेटापेक्षा मोठी एक रिकामी डिस्क, आणि कोणी कशाला हात लावला याची कागदावर लिहिलेली खरी हकिगत. पडद्यावर कुठला आकडा आला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी त्याची किल्ली छापून घ्या, त्यांचा पहिल्या पाचांतला प्रश्न तोच असतो. गुरुवारी जाऊ नका.

परवा मोत्यांच्या डबीतला तो लॉक त्यांना नेऊन दिला. त्यांच्याकडे एका शाळेचं जुनं मशीन आलंय, त्याच सॉफ्टवेअरमध्ये शाळेच्या स्मरणिका आहेत, आणि शाळेचा लॉक हरवलाय. चालतो का बघतो म्हणाले.